दासगावची भरती

माझं अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढे लिहायचं काम पडलं ते सही करण्यापुरतं. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला कधीच नीट कळलं नाही, तेव्हा जिथे वेलांटी चुकली असेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालून घ्यावी. तसं वाचणारं कोणी नाही. वही मी कपड्यांच्या ट्रंकेत ठेवणार आहे. पण आमच्या वाडीतून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरला कामाला जाणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि खाली खाडीपर्यंत गेलेली एकही नाही. कोणी विचारलं तर माझ्या तोंडून चार शब्द धड निघत नाहीत. म्हणून लिहिते.

जायचं कारण असं झालं. इंग्रजांच्या वेळच्या मोठ्या लढाईत आमच्या बौद्धवाडीतले बरेच जण पलटणीत गेले. त्यांची नावं कोरलेला काळा दगड विहारापुढे बसवायचं ठरलं. मुंबईला राहणाऱ्या वाडीतल्या एका माणसाने त्यासाठी पैसे दिले, आणि त्यातूनच प्रत्येक सैनिकाच्या घराला शाल, नारळ आणि पंधरा हजार रुपये मिळाले. आम्हालाही मिळाले. माझ्या नवऱ्याचे आजोबा, धाकूआजा, लढाईत भरती झाले होते हे सगळ्या वाडीला माहीत होतं. आजा लंगडत चालायचा, पायाला गोळी लागली होती म्हणत. लढाईच्या दिवसांत सगळीकडे अंधार असताना आमच्या वाडीत रॉकेलचे दिवे होते. सैनिकांची वाडी म्हणून सरकार रॉकेल पाठवायचं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या. पंधरा हजारांचे आम्ही घरावर नवे पत्रे घातले.

मग दगड आला. कोरायच्या आधी यशवंत गुरुजी म्हणाले की कोरलेलं पुसता येत नाही, म्हणून प्रत्येक घराने आपल्या माणसाची पलटण सांगावी. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेत, विहाराचा सगळा कारभार तेच बघतात. कोणी पदक आणलं, कोणी पेन्शनचा कागद. आमच्याकडे काहीच नव्हतं. शेजारची कमळा नळावर मला म्हणाली, "धाकूआज्याची पलटण कंची गो? पत्र्यांची?" बायका हसल्या. माझा हंडा अर्धा भरला होता, तो तसाच उचलून मी घरी आले.

ह्यांना मी सांगितलं. हे मुंबईत बरीच वर्षं वॉचमन होते, कोणाच्या बोलण्याला घाबरत नाहीत. म्हणाले, "टेन्शन नाय लेनेका. पुरावा आणून तिच्या दारात ठेवतो." पण पुरावा म्हणावा असं घरात एकच होतं, आजीचं एक वाक्य. नवरा कुठे गेला म्हणून विचारलं की आजी एवढंच सांगायची, "दासगावाहून भरतीला गेला." म्हणजे भरतीचं ऑफिस दासगावला असणार, असा ह्यांनी हिशोब केला. नाव दगडावर राहायचं असेल तर दासगावला जाणं भाग होतं.

महाड

पहिल्या दिवशी महाडला माझ्या भाचीकडे उतरलो. आमच्याकडे घर बांधताना बघतात की डोंगर अंगावर येईल का. महाडला बघतात की पाणी कुठवर येईल. भाचीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याच्या रेषा अजून दिसतात, आणि धान्याचे डबे तिने माळ्यावर ठेवलेत. जेवायला बसायच्या आधी शिडी लावून तांदूळ काढावा लागतो, आणि ती ते हसत करते.

तळ्यावर जाऊन आलो. तिथे गेल्याशिवाय आमच्यातलं कोणी महाडहून परतत नाही. मी पायरीवर बसून ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. तोवर हे एका कचेरीत शिरून आले. तिथल्या साहेबाला ह्यांनी आज्याच्या भरतीचं विचारलं होतं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, लढाईचं इथं काय नाय. सातबारा पायजे असंल तर सांगा."

दासगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी सहासीटरने दासगावला गेलो. हायवेला उतरलं की गाव एका अंगाला आणि सावित्री एका अंगाला. ही तीच नदी, जी आमच्याकडे उडी मारून ओलांडता येते. इथे तिचं पात्र इतकं रुंद की पलीकडची गाय मला आधी दगड वाटली. पाणी खाली गेलेलं, आणि दोन्ही काठांना चिखल, नुसता चमकणारा काळा चिखल. मला वाटलं नदी आटली.

बंदरावर एक माणूस जाळं शिवत बसला होता. ह्यांनी त्याला रामराम करून विचारलं, "भाऊ, हितं भरती कुठं व्हायची?"

त्याने वर बघितलं. "भरती? हितंच."

"हितंच म्हंजे कुठं? हापीस व्हतं का?"

"हापीस कशाला? दिवसातनं दोनदा व्हते. सकाळची झाली. दुसरी दुपारनंतर व्हईल. बसा, बघून जा."

ह्यांना राग आला. "मस्करी नको हो. मानसांची भरती. लढाईतली."

"मस्करी कोन करतंय? मानसं पन भरतीलाच जायची. ओहोटीला होडी चिखलात बसते, ती काय तुमच्या लढाईसाठी उठणार हाय?"

हे त्याला समजावत राहिले, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. आमच्या डोंगरात समुद्राचं पाणी येत नाही. आमच्याकडे भरती म्हणजे एकच, पलटणीतली. पण आजी ते वाक्य स्वतःच्या मनाने बोलली नसेल. आजा जे सांगून गेला असेल तेच ती बोलली असेल.

मी ह्यांची बाही ओढली. "त्या भाऊंना विचारा, लढाईतलं कोन म्हातारं मानूस हाय का."

जाळेवाल्याने सांगितलं, "हलीमाचाची हाय. तिचा बाप तांडेल व्हता." तांडेल म्हणजे होडी ज्याच्या हुकमाने चालते तो. जाळ्यातून हात न काढता त्याने हनुवटीने घर दाखवलं. तिकडे जाताना माझी एक चप्पल चिखलात रुतली. ओढायला गेले तर पाय बाहेर आला आणि चप्पल आतच राहिली. हात घालून शोधली, सापडली नाही. ह्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं, म्हणजे हसत होते. मी एका पायात चप्पल घालून परक्या घरी कशी जाऊ म्हणून दुसरीही काढून हातात घेतली.

हलीमाचाची ओट्यावर बसली होती. अंगणात बोंबील वाळत घातलेले, आणि कावळे हाकायला तिच्या हातात काठी. नव्वदीच्या पुढची असेल, पण नजर तीक्ष्ण. माझे चिखलाचे पाय बघून तिने आधी सुनेला पाणी आणायला सांगितलं, मग विचारलं, "कुठली मानसं?"

"पोलादपूरच्या वरची," हे म्हणाले. "आंबेनळीच्या वाटंवरची."

"डोंगरातली." ती ह्यांच्याकडे बघत राहिली. "आमच्या बाबांकडं एक डोंगऱ्या यायचा. धाकू. पाण्याला मांजरासारखा भ्यायचा."

हे उभेच राहिले.

"तुझे कान तेच हायत," चाची म्हणाली. "बस रे. उभा नको ऱ्हाऊ, कावळं तुला घाबरत नायत."

त्या ओट्यावर दुपारपर्यंत आम्ही जे ऐकलं ते मी तिच्याच बोलण्याप्रमाणे लिहिते, जेवढं आठवतं तेवढं.

लढाई लागली तसा ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. रॉकेल, साखर, कापड, आगपेट्या, सगळं कंट्रोलवर गेलं. इकडचं धान्य तिकडे न्यायला बंदी. पण समुद्राला कसली बंदी? दक्षिणेकडून, गोव्याच्या बाजूने, शिडाची गलबतं यायची. ती खाडीच्या तोंडाशी थांबायची, आत यायची नाहीत. एका काठाला इंग्रजाचा अंमल, दुसऱ्या काठाला नबाबाचा. एकाचे शिपाई दिसले की गलबत दुसऱ्याच्या काठाला सरकायचं. तिथे माल लहान होड्यांत उतरायचा, आणि भरती लागली की होड्या आत सुटायच्या. वल्हं मारायचं नाही, आवाज करायचा नाही. पाणीच त्यांना दासगावपर्यंत आणि पुढे महाडपर्यंत उचलून न्यायचं. तळाला रॉकेलचे डबे, वर चटया, चटयांवर सुके बोंबील.

"बोंबील कशाला?" मी विचारलं. माझा तो पहिला शब्द.

"वास, गो. रॉकेलचा वास लपवायला दुसरं काय हाय जगात?"

सरकारची इंजिनाची लाँच गस्त घालायची. चाचीची आई काठावर गोधडी वाळत टाकायची. गोधडी दिसली तर होडीने यायचं, नसली तर तिवरांच्या झाडीत थांबायचं. चाची तेव्हा दहाअकरा वर्षांची. तिचं काम बोंबलांपाशी बसून लाँच आली का बघायचं. "शाळंत न्हाय घातली," ती म्हणाली, "पन लाँचचा आवाज मला बापाच्या आधी ऐकू यायचा."

महाडपासून वर नदीला होडी चालत नाही. तिथून माल माणसांच्या खांद्यावर जायचा, पोलादपूरला आणि घाट चढून वर. धाकू हा त्या माणसांतला. कावडीला दोन्ही बाजूंनी डबे लावून तो उतरणीला धावावं तसा चढण चढायचा. पुढे तांडेलाने त्याला होडीवरच घेतलं, कारण महाडला माल मोजताना डबे कमी भरायचे, आणि धाकू असला की कमी भरत नसत.

हे म्हणाले, "म्हंजे चाची, माझा आजा... गरिबांसाठी हे करायचा."

चाचीने काठी आपटली. कावळे उडाले. "गरिबांसाठी नाय. माल शेटचा. तीन पैशांची वस्तू शेट दहाला इकायचा. बाबा पैशासाठी जायचे, तुझा आजा पन पैशासाठी. पोट सगळ्यांना व्हतं." मग म्हणाली, "फक्त त्याची मजुरी तो रोकडा घ्यायचा नाय. रॉकेल द्या म्हनायचा. बाबा इचारायचे, एवढं रॉकेल काय पितोस काय? तो म्हनायचा, वाडीत घरं लई हायत."

तेव्हा मला सासूबाईंचं सरकारी रॉकेल आठवलं. मी पदर तोंडाला लावला.

जेवायला बसा म्हणाली. तांदळाची पांढरी भाकरी, इतकी मऊ की घडी करून ठेवता येईल, आणि खाडीतल्या बोय माशाचं आमसूल घातलेलं कालवण. आम्ही नाचणीची भाकरी आणि सुकट खाणारी माणसं. ताजा मासा आमच्याकडे पावसात ओढ्याला चढतो तेवढाच. काटे कसे काढायचे ते मला येईना. चाचीच्या सुनेने माझ्या ताटातला मासा घेतला, बोटांनी सोडवला आणि परत ठेवला, जशी आई मुलाला देते.

चाची म्हणाली, "पयल्यांदा आला तेव्हा तुझा आजा अंगनात बसला जेवायला. आपन व्हऊन. पळसाचं पान सोबत घेऊन आलेला. आमची आई म्हनाली, होडीत एका मडक्यातलं पानी पितोस न हितं बाहेर बसतोस? आत ये, बोंबलांवर बसलास तर इकणार कोन? तेव्हापासून तो हितं बसायचा." तिने मी बसले होते तिथे काठी टेकवली.

मी जागची हलले नाही.

मग पायाचं सांगितलं. एका भरतीला लाँच अचानक आली. गोधडी काढायला उशीर झाला होता. सगळ्यांनी डबे पाण्यात सोडले आणि पोहून गेले. धाकूला पोहता येत नव्हतं. तो खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन चिखलात उतरला आणि कमरेपर्यंत रुतला. लाँच चिखलात येऊ शकत नव्हती, म्हणून शिपायांनी दोर टाकून त्याला ओढलं. त्यात पाय मोडला. अलिबागला तुरुंगात नेलं. होडी कोणाची, माल कोणाचा, तांडेल कोण, हे त्याला पावसाळाभर विचारत होते.

"त्यानं काय सांगितलं?" ह्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर मी हितं कावळं हाकत बसले नसते. बाबा तुरुंगात, होडी सरकारात, आन् आम्ही रस्त्यावर. हे घर त्याच्या जिभंवर उभं हाय रे, शांताराम."

हे नाव तिने मघाशीच विचारून घेतलं होतं. ह्यांनी उठून तिच्या पायांना हात लावला. आमचे हे कोणाच्या पाया पडत नाहीत.

खाडीत

आम्ही त्याच दिवशी निघणार होतो, पण चाचीने सोडलं नाही. सकाळी तिचा मुलगा रफीकभाई आम्हाला होडीतून नेतो म्हणाला. साठीचा माणूस आहे, बोटीवर नोकरी करून आता घरी असतो. मी नको म्हणत होते. मला पाण्याची भीती वाटते, आणि चपलाही नव्हत्या. चाचीच्या सुनेने स्वतःच्या चपला दिल्या. त्या मला मोठ्या होत होत्या, पण मग नाही म्हणायला काही उरलं नाही.

होडीला मागे इंजिन होतं. दोन्ही हातांनी फळी धरून मी मधोमध बसले. ओहोटीच्या पाण्याबरोबर आम्ही खाली गेलो. काठाला तिवरांची दाट झाडी, त्यांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. निळा खंड्या एका काठीवरून उडून दुसऱ्या काठीवर बसत आमच्या पुढे पुढे चालला होता. आमच्याकडे वळणावर पोचलं की पुढचा डोंगर दिसतो. इथे वळलं की पुन्हा पाणी, आणि आभाळ खाली उतरून आलेलं. एका ठिकाणी रफीकभाईंनी हात केला. "वो चिखल. लाँच आजपन तिथं जात नाय. आब्बा बोलायचे, धाकूची जागा."

तिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. बगळे चरत होते. पण हे बघत राहिले, आणि मीही.

मग पाणी थांबलं. खरंच थांबलं, होडीजवळची एक सुकी फांदी जागच्या जागी उभी राहिली. रफीकभाईंनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "भाभी, अब देखो." थोड्या वेळाने ती फांदी हळूच फिरली आणि उलट्या बाजूला चालू लागली. होडीही चालू लागली. कोणी वल्हं मारत नव्हतं, इंजिन नव्हतं, आणि नदी डोंगराकडे चालली होती, आमच्या घराकडे. लहानपणापासून मी पाणी फक्त खाली जाताना बघितलेलं. माझ्या हातांनी फळी केव्हा सोडली ते मला कळलं नाही. पोहता न येणारा माणूस या पाण्यावर बसून घरी रॉकेल नेत होता, त्याच्याच घरात मी सून म्हणून आले, असं मनात येऊन माझी मान आपोआप ताठ झाली.

"ही भरती," हे हळू म्हणाले.

"हां," रफीकभाई म्हणाले. "इसीको भरती बोलते."

पोलादपूर

निघताना चाचीने सुके बोंबील बांधून दिले. महाडवरून पोलादपूरला आलो. घाटाची एसटी यायला वेळ होता. स्टँडजवळ वडापाव खाताना हे म्हणाले.

"घरी कोनाला सांगायची गरज नाय."

मी खात राहिले.

"आपन म्हनायचं, दासगावला चौकशी केली. भरतीला गेला व्हता हे तिथल्या मानसांनी पन सांगितलं. खोटं हाय का ह्यात काय? शब्दाला शब्द खरा हाय."

"दगडावर पलटन लिवायची हाय."

"मग लिवतील काय तरी गुरुजी."

"बाकीची मानसं मेली हो तिथं," मी म्हणाले. "कोनाचा हात गेला, कोन आलाच नाय. त्यांच्या मधी आज्याला बसवायचा? त्याला आवडंल?"

"आन् पंधरा हजार? पत्रे उचकटून देऊ काय त्यांना?" ह्यांचा आवाज वाढला. शेजारच्या बाकावरच्या माणसाने बघितलं. हे खाली बोलले, "चोराचा नातू म्हनतील मला. मुंबईत पंधरा बिल्डिंगींच्या चाव्या माझ्याकडं व्हत्या. कधी कोनी बोट दाखवलं नाय."

त्यांची भीती मला तेव्हा कळली. पैशाची नव्हती. मला रागही आला आणि दयाही आली. मी म्हणाले, "त्या बाईनं आपल्याला आज्याच्या जागेवर बसवून जेवू घातलं. घरी जाऊन तो तिथं बसलाच नव्हता असं मी नाय सांगणार. तुमी सांगा, मी बाजूला उभी ऱ्हाईन. गप ऱ्हायला सांगू नका फक्त."

एसटी आली. खिडकीची जागा नेहमी हे घेतात. त्या दिवशी मला दिली.

वाडी

रविवारी विहारात सगळी जमली. गुरुजींनी विचारलं, "शांताराम, काय कळलं?" हे उभे राहिले. "दासगावला गेलो व्हतो," म्हणाले. "चौकशी केली." पुन्हा म्हणाले, "चौकशी केली," आणि माझ्याकडे बघितलं. मी बायकांच्यात मागे भिंतीला टेकून बसले होते.

मी बसूनच बोलले. गुरुजी म्हणाले, "सुमन, मोठ्यानं बोल, उभी राहा." भिंतीला हात लावून उभी राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. भरतीचं सांगितलं तेव्हा आधी कोणाला कळेना. मी हाताने करून दाखवलं, पाणी असं खाली जातं आणि मग असं उलटं वर येतं. मग कोणीतरी हसलं, आणि सगळं विहार हसलं. गुरुजीसुद्धा. "म्हणजे आजीनं खरं तेच सांगितलं," ते म्हणाले, "आणि आपण सगळे तिची भरती पलटणीत घेऊन गेलो."

कमळा म्हणाली, "म्हंजे लढाईत आमच्या घरात जळलं ते रॉकेल चोरीचं?"

एरवी मी खाली बघितलं असतं. "चोरलेलं नाय," मी म्हणाले. "चोरून आनलेलं. दाम देऊन, आज्याच्या मजुरीचं. तुमच्या घरात पन, आमच्या घरात पन."

कमळाची सासू, म्हातारी, कानाने कमी ऐकते, तिने शेजारणीला काय चाललंय विचारलं. शेजारणीने तिच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग धाकू बाटली घेऊन दारात यायचा ते काय व्हतं? मला तर वाटलं सरकारनं त्यालाच वाटायला नेमलाय." पुन्हा हसू झालं. पण या वेळी हे पण हसले.

नाव दगडावर येणार नाही हे ठरलं. कोणी वाईट वाटून घेतलं नाही, मीही नाही. तो त्यांचा दगड आहे. पैशाचं गुरुजी म्हणाले, "तुम्ही काही फसवून घेतलेले नाहीत. विहाराच्या समितीनेच दिलेत. राहू द्यात."

हे म्हणाले, "नाय गुरुजी. सैनिकाच्या घराचे पैसे ते. आमी देऊ. थोडं थोडं देऊ, पन देऊ."

आणि दिले. ह्यांनी या वयात पुन्हा पोलादपूरला वॉचमनचं काम धरलं. मी घाटात करवंदं आणि जांभळं विकायला बसले. सगळ्यात जड ते गेलं, कारण गाड्या थांबतात आणि माणसं भाव विचारतात, आणि उत्तर द्यावं लागतं. पहिले काही दिवस मी नुसती बोटं दाखवायची. मग बोलू लागले. एकदा मुंबईच्या एका बाईने विचारलं की एवढी महाग का, तर मी म्हणाले, बाई, काटे आमी काढलेत. तिने दोन द्रोण घेतले. करवंदांचे दिवस संपले की नाचणीचे पापड, मग आंबोशी. दर महिन्याला जेवढे जमतील तेवढे गुरुजींकडे नेऊन द्यायचे. एका महिन्यात ह्यांना ताप आला आणि काहीच देता आलं नाही. त्या महिन्यात गुरुजींच्या घरावरून जायचं मी टाळलं, तर दुसऱ्या दिवशी गुरुजीच पेज घेऊन ह्यांना बघायला आले.

शेवटचा हप्ता मी नेत होते. हे म्हणाले, आज मी देतो. इस्त्रीचा शर्ट घातला. दगडाजवळ चारपाच माणसं बसली होती, त्यांच्या समोर पैसे गुरुजींच्या हातात ठेवले. गुरुजींनी मोजले आणि पावती फाडायला घेतली. आजवरच्या पावत्या ह्यांच्या नावाच्या. गुरुजी तसंच लिहायला लागले, तर ह्यांनी त्यांचा हात धरला.

"धाकू राघोच्या नावानं करा," हे म्हणाले. "माझ्या आज्याच्या."

एवढ्या मोठ्याने म्हणाले की आजूबाजूच्या घरांतल्या बायका बाहेर आल्या. गुरुजींनी नाव लिहिलं, खाली रक्कम लिहिली, आणि रकमेपुढे लिहिलं, पूर्ण जमा.